तूच सांग

ताईचा फोन आला तेव्हा ती काचेच्या अलीकडे बसली होती. पलीकडे, जाड मऊ भिंतींच्या बंद खोलीत, एक म्हातारे गृहस्थ कानांवर हेडफोन चढवून, डोळे मिटून आवाजाची वाट पाहत होते. तिचं काम एवढंच होतं : बटण दाबायचं, बारीक आवाज सोडायचा, माणसानं हात वर केला की कागदावर खूण करायची आणि आवाज आणखी बारीक करायचा. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या या खोलीत तेवीस वर्षं ती लोकांचे कान तपासत आली होती. कामाच्या वेळात ती फोन घेत नसे. पण ताई दुपारची कधी फोन करत नसे, म्हणून घेतला. "छोटे, गाळा विकला," ताई म्हणाली. दूध आणलं म्हणून सांगावं, तशा आवाजात. "डोळे चालत नाहीत आता, किती दिवस पडदे शिवणार? एकतीस लाख आलेत. ते कुठे ठेवायचे, कसे ठेवायचे, तूच सांग. रविवारी ये." एवढं बोलून तिनं फोन ठेवूनही दिला. छोटीनं मान वर केली तर काचेपलीकडे त्या गृहस्थांनी हात वर केला होता. तिनं तर आवाज सोडलाच नव्हता.

यात नवं काही नव्हतं. माणसाला पूर्ण शांततेत बसवलं की त्याला काहीतरी ऐकू येऊ लागतं. न वाजलेल्या आवाजाला हात वर करणारी माणसं तिनं शेकड्यांनी पाहिली होती आणि नव्यानं लागलेल्या मुलींना ती हे हसत हसत सांगायचीही. पण त्या दिवशी तो वर झालेला सुरकुतलेला हात पाहून तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला वाटलं, त्यांनी ताईचं बोलणं ऐकलं. त्यातला तो 'च' ऐकला.

तू सांग, असं ताई म्हणाली असती तर गोष्ट वेगळी होती. तू सांग म्हणजे चार जणांना विचारते आहे, तुलाही विचारते. तूच सांग म्हणजे काय? तुझ्याशिवाय मला कोण आहे, असं? की तेव्हाही तूच सांगितलं होतंस, आताही तूच सांग, बघू या तरी काय सांगतेस ते, असं? घरी जाताना, बसच्या रांगेत, भाजीवाल्यासमोर पिशवी उघडी धरून उभी असताना ती त्या एका अक्षराला उलटंसुलटं करून पाहत राहिली. ताईच्या आवाजात काही होतं का? तेवीस वर्षं दुसऱ्यांना काय ऐकू येतं ते मोजणाऱ्या तिला, सख्ख्या बहिणीच्या आवाजातलं एक अक्षर लागत नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी ताईचा नवरा बंदरावर क्रेनखाली गेला. कंपनीकडून भरपाईचे आठ लाख आले. ताईला तेव्हा शिवणकाम यायचं ते घरच्यापुरतं, आणि मुलगी, म्हणजे छोटीची भाची, नुकती कॉलेजात गेली होती. आठ लाखांच्या व्याजावर दोघींचं कसंबसं भागलं असतं. त्या दिवसांत इस्पितळाच्या हिशेब विभागात एक गृहस्थ होते, त्यांना सगळे 'डबल' म्हणायचे, कारण कुणी नुसतं कसं काय विचारलं तरी ते पैसे किती वर्षांत दुप्पट होतात ते सांगायला लागायचे. "मॅडम, बँकेत पैसा झोपा काढतो. आमच्याकडे तो कामाला जातो," हे त्यांचं पेटंट वाक्य. एका फर्निचरच्या कारखान्याची ठेव योजना होती. महिना अडीच टक्के. कारखाना खरा होता. डबलनं तिला नेऊन दाखवला होता. लाकडाच्या भुशाचा वास, रांगेनं मांडलेल्या पॉलिश न केलेल्या खुर्च्या, आणि ऑफिसात काचेच्या टेबलावर ठेवलेलं गार पाणी. महिना अडीच टक्के आणणारा धंदा खुर्च्या विकून चालेल कसा, हे तिनं विचारलं नाही. तिला सुचलंच नाही, असं ती पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत होती. पण ते खरं नव्हतं. सुचलं होतं. तो प्रश्न त्या ऑफिसात तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला होता आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. कारण कारखान्यातून परतताना रिक्षात डबल म्हणाले होते, "आणि मॅडम, जो माणूस ठेव आणतो त्याला तीन टक्के. ते कंपनी देते हं, तुमच्या ताईंच्या पैशातून एक पैसा नाही जात."

आठ लाखांचे तीन टक्के चोवीस हजार. तिनं कपडे धुण्याचं यंत्र घेतलं. ताईला सांगितलं, हप्त्यानं घेतलं. पाच महिने ताईकडे वीस-वीस हजार आले. सहाव्या महिन्यात कारखान्याचं शटर खाली आलं, बाहेर माणसं जमली, कुणी दगड मारले, कुणी नुसतेच उभे राहिले. डबलनं स्वतःचं राहतं घर गहाण टाकून त्यात पैसे घातले होते, त्यामुळे त्यानं फसवलं असंही धड म्हणता येईना. छोटी त्या दुपारी ताईकडे गेली ती मनाशी सगळं ठरवून : रडेन, पाया पडेन, सांगून टाकेन. ताई जमिनीवर बसून कापड बेतत होती. कुणा शेजारणीच्या खिडकीचा पडदा, पहिलंच बाहेरचं काम. तोंडात टाचण्या धरल्या होत्या. त्या एकेक काढून तिनं उशीत खोचल्या आणि म्हणाली, "चहा घेणार?" बस्स. त्यानंतर बारा वर्षांत त्या पैशांबद्दल ताई एक शब्द बोलली नाही. भाचीनं कॉलेज सोडलं आणि एका दुकानात कॅश काउंटरवर उभी राहिली, तेव्हाही नाही. ताईनं एकेक पडदा करत उधारीवर गाळा घेतला, फेडला, तेव्हाही नाही. शिव्या दिल्या असत्या तर छोटीला त्या पाठ झाल्या असत्या, बोथट झाल्या असत्या. न दिलेल्या शिव्या मात्र रोज नव्या असत. दुपारी दोन पेशंटांच्या मध्ये ती कधीतरी एकटीच त्या बंद खोलीत जाऊन बसायची. दार लावलं की जग पुसलं जायचं, आणि मग त्या मऊ शांततेत टाचण्या उशीत खोचल्याचा आवाज यायचा. टाचणीचा काय आवाज येणार? पण यायचा.

त्या बारा वर्षांत तिनं स्वतःच्या पैशाला हात लावला नव्हता. पगार खात्यात जमा व्हायचा आणि तिथेच साचायचा. तिला ना नवरा ना मूल, खर्च तो काय? बँकेतली काउंटरवरची बाई दर वर्षी सांगायची, "मॅडम, हे बचत खातं आहे, कपाट नाही. महागाई बघताय ना? हे पडल्या पडल्या झिजतंय. थोडे मुदत ठेवीत टाका, थोडे लांबच्यासाठी फंडात टाका." ती हो हो म्हणून अर्ज घरी घेऊन यायची आणि फळीवर ठेवायची. अर्जांचा ढीग झाला होता. सही करायला पेन टेकवलं की हात थांबायचा. लोकांना ती म्हणायची, "मला बाई त्यातलं काही कळत नाही," आणि लोकांना ते साधेपणाचं लक्षण वाटायचं. खरं तर ती स्वतःला शिक्षा करत होती, आणि शिक्षेचं बरं वाटत होतं. पन्नाशी एका पावलावर आली होती. निवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षं काय खाणार, हा प्रश्न तिनं असाच शेजारच्या खुर्चीवर बसवून ठेवला होता.

पण ताईला काहीतरी सांगायला हवं होतं. गुरुवारी अर्धी सुट्टी टाकून ती एका मोठ्या बँकेत गेली. निळ्या कोटातल्या तरुण सल्लागारानं तिला पाणी दिलं. पाणी गार होतं. ग्लासावरचे थेंब पाहताना तिला लाकडाच्या भुशाचा वास आला, इतका स्पष्ट की तिनं वळून पाहिलं. "एकतीस लाख, वय एकसष्ट," सल्लागार म्हणाला, "मॅडम, मी तर म्हणेन सगळे आमच्या या एकाच योजनेत टाका. विमाही, परतावाही. दहा वर्षं मागे वळून बघायला नको. निश्चिंत राहा."

"मध्येच लागले तर? तिचे गुडघे दुखतात. उद्या ऑपरेशन निघालं तर?"

"पाच वर्षांपर्यंत काढता येत नाहीत. पण लागणार कशाला? आपण चांगला विचार करू या ना."

 मग तिच्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला यात किती मिळतं?"

तो हसला. कोटाची बाही सारखी केली. "ते कंपनी देते, मॅडम. तुमच्या ताईंच्या पैशातून एक पैसा नाही जात."

तेच वाक्य. शब्द न् शब्द तेच. तिला वाटलं, या पोराच्या घशातून रिक्षातला डबल बोलतोय. आणि मग लगेच, त्याहून वाईट, वाटलं की डबल नाही, आपणच बोलतोय. आपण ताईला म्हणालो होतो ना, मला यात काय मिळायचंय, तुझं भलं व्हावं म्हणून सांगते. ती उठली. "अहो, माहितीपत्रक तरी न्या," असं म्हणत तो मागे आला. बाहेर रस्त्यावर लख्ख ऊन होतं, माणसं आइसक्रीम खात चालली होती. सल्ला कुठला द्यायचा हा प्रश्नच नव्हता. रविवारी त्या घरात गेल्यावर पहिलं वाक्य कुठलं बोलायचं, एवढाच प्रश्न होता. आणि ते वाक्य तिला बारा वर्षांपासून येत होतं.

रविवारी ताईनं दार उघडलं तेव्हा खोली भलतीच मोठी वाटली. कापडाचे गठ्ठे गेले होते, शिवणयंत्रही विकलं होतं. भिंतीवर त्याच्या जागी फिकट चौकोन उरला होता. जमिनीवर पडद्यांची मापं काढायचा खाकी कागद पसरलेला, त्याच्या चारी कोपऱ्यांवर डबे ठेवलेले, आणि त्यावर ताईच्या ठसठशीत अक्षरात आकडे. छोटीनं चप्पल काढली, पर्स मांडीवर घेऊन बसली आणि पर्सकडे बघत म्हणाली, "ताई, तुला सांगण्याआधी एक सांगायचंय. त्या वेळी, कारखान्याच्या वेळी, मला पैसे मिळाले होते. तुझी ठेव नेली म्हणून."

ताईच्या हातात पेन्सिल होती. ती तिनं खाली ठेवली.

"किती?"

"चोवीस हजार."

"काय केलंस त्याचं?"

"कपडे धुण्याचं यंत्र."

"हप्त्यानं घेतलं म्हणाली होतीस."

"हो."

"मी तेव्हा माझ्याकडचे दोन हजार तुला दिले होते. पहिल्या हप्त्याला म्हणून."

हे छोटी साफ विसरली होती. बारा वर्षं तिनं आपला गुन्हा रोज काढून घासूनपुसून ठेवला होता, त्याचा कानाकोपरा आपल्याला ठाऊक आहे असं तिला वाटत होतं, आणि त्यात हे दोन हजार नव्हतेच.  ताई उठली, खिडकीपाशी गेली. पडद्यांवर आयुष्य काढलेल्या त्या बाईच्या खिडकीला पडदा नव्हता.

"मी समजत होते, तू मला बुडवलंस ते न कळून," ताई पाठमोरीच म्हणाली. "म्हणून गप्प राहिले. म्हटलं, तिला तरी काय कळतंय, बिचारी. बोलले तर मरेल झुरून. अगं, तुला दुखू नये म्हणून मी दात आवळून बसले होते, छोटे. बारा वर्षं!"

"मग आता मला का विचारलंस? तूच सांग असं का म्हणालीस?"

ताई वळली. तिचे डोळे कोरडे होते, पण आवाज फाटला होता. "कारण तू माझ्या घरी चोरासारखी येतेस! दर वेळी फळं आणतेस, कोपऱ्यात बसतेस, माझ्या मुलीच्या डोळ्याला डोळा देत नाहीस. मला कळेना, नुसत्या चुकीला माणूस एवढं वाकतं का? म्हटलं, एकदा पैशाचंच विचारावं. असेल काही तर बाहेर पडेल." तिनं कागदाकडे बोट केलं. "सल्ला नको होता मला तुझा. तो मी घेतलाय. एक बाई आहे, फी घेते आणि काही विकत नाही. पहिल्या भेटीत मी विचारलं, तुला कुणाकडून काय मिळतं? म्हणाली, तुमच्याकडून फी, बाकी कुणाकडून काही नाही. तसं लिहून दिलं, तेव्हा मी पुढे बोलले."

मग, राग तसाच चेहऱ्यावर ठेवून, जणू दुसऱ्याच कुणाला समजावून सांगावं तसं, ताईनं कागदावरचं सांगितलं. वर्षाचा घरखर्च आणि गुडघ्याचं ऑपरेशन, एवढे हाताशी, केव्हाही काढता येतील असे. त्याहून मोठा हिस्सा सरकारी रोख्यांत आणि दोन वेगवेगळ्या बँकांच्या मुदत ठेवींत, त्याचं व्याज दर तिमाहीला. आणि पाच लाख बाजारात, एका कंपनीत नाही तर पन्नास कंपन्यांत वाटलेल्या फंडात. ते दहा वर्षं विसरायचे. "मी म्हटलं तिला, मी एकसष्टची, मला बाजार कशाला? तर ती म्हणाली, तुम्ही नव्वदपर्यंत जगलात तर? मी कधी असा विचारच केला नव्हता गं, की मी जगेन." ताई खाली बसली. "पन्नासातल्या दहा बुडाल्या तरी मी जेवेन. एवढं कळायला मला सात लाख लागले."

 छोटीनं कल्पना केली होती ती अशी की सांगून टाकलं की छातीवरचं काहीतरी उठून जाईल, ताई रडेल, आपण रडू. तसलं काही झालं नाही. उलट खोलीतली सगळी हवा त्या चोवीस हजारांनी आणि दोन हजारांनी भरून गेली होती.

"जा आता तू," ताई म्हणाली. "आणि ते सव्वीस हजार आणून दे. व्याज नको. पण दे."

पुढच्याच रविवारी तिनं पाकीट नेलं. ताईनं नोटा मोजल्या, दोनदा मोजल्या, डब्यात टाकल्या.

"मोकळं वाटलं का?" ताईनं विचारलं.

"नाही."

"मलाही नाही. बस, चहा टाकते."

आणि मग ताई बोलायला लागली. बारा वर्षं बांधून ठेवलेलं गाठोडं तिनं सोडलं ते एकदम नाही. एकेक चिंधी काढत गेली. फोन यायचा, कधी सकाळी, कधी दुपारी, काचेपलीकडे पेशंट असतानाही. "तुला आठवतं, त्या वर्षी माझी दाढ दुखायची? ती मी भरली नाही. काढून टाकली. काढणं स्वस्त होतं." किंवा, "पोरीच्या कॉलेजची सहल होती. मी सांगितलं, तुला ताप आहे. तिला ताप नव्हता." एवढं सांगून ती फोन ठेवायची. कधी त्याच फोनवर, जराही न थांबता, "तुझ्या खात्यात अजून सगळं तसंच पडलंय ना? किती मूर्ख आहेस! त्या बाईकडे जा. नंबर लिहून घे," असंही. छोटी ऐकायची. ऐकणं तिला येत होतं. शांततेतले ते खोटे आवाज आता थांबले होते, पण म्हणून झोप बरी लागत होती असं नाही. आता खरे आवाज येत होते. दाढ, सहल, दिवाबत्तीचं थकलेलं बिल. ज्याची तिला भीती वाटत आली तसं काहीच नव्हतं. हे त्याहून बारीक होतं, आणि संपणारं नव्हतं.

ती त्या फीवाल्या बाईकडे गेली. दोनदा गेली. दुसऱ्यांदा जाताना स्वतःचे प्रश्न लिहून घेऊन गेली, आणि एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं नाही तेव्हा "पुन्हा सांगा" असं म्हणाली. पुन्हा कळलं नाही, पुन्हा म्हणाली. बाईनं तिला तिचं सगळं एका पानावर मांडून दिलं. तेवीस वर्षांच्या पगारातलं जेवढं साचलं होतं, त्याची किंमत बारा वर्षांत किती उतरली, तेही. तो आकडा सव्वीस हजारांपेक्षा कितीतरी मोठा होता. तिनं तो नुसता पाहिला. शिक्षा म्हणून भरला असेल तर पुरे झाला, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

शनिवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलावर अर्ज घेऊन बसली. या वेळी प्रत्येक ओळ वाचली. नाव, वय, उत्पन्न, बाजारात उतार आला तर किती सोसेल, सगळं भरत आली आणि एका चौकोनापाशी थांबली. माझ्या पश्चात हे कुणाला द्यावे. तिनं ताईला फोन लावला.

"तुझं नाव लिहू?"

"माझं कशाला? मी तुझ्याहून बारा वर्षांनी मोठी, मी आधी जाणार. पोरीचं लिही."

"भाचीचं?"

"मग आणखी कुणाचं? तिच्याशिवाय आहे कोण आपल्याला?"  मग म्हणाली, "पण आधी तिला सांग. ते चोवीस हजारांचं. मी नाही सांगितलेलं. तिला वाटतं, तिचं कॉलेज कारखान्यानं बुडवलं. तुझं नाव तिनं कधी घेतलेलं नाही, मावशी मावशी करत असते. सांग, आणि मग विचार, तुझं नाव लिहू का म्हणून. हो म्हणाली तर लिही."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर चौकोन रिकामा ठेव," ताई म्हणाली, आणि फोन ठेवला.

 खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पिपाणीसारखा आवाज येत होता, तो थांबला. अर्जावरची शाई सुकली होती. भाची आता तिशीची. दुकानातून बढती मिळत मिळत हिशेबाच्या खोलीपर्यंत पोचलेली, शनिवारी दहाला तिची चहाची सुट्टी असते. दहाला दोन मिनिटं कमी होती. छोटीनं ती दोन मिनिटं जाऊ दिली. मग नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली, तीनदा, चारदा, आणि मग मागचा दुकानातला गलका आणि त्यातून वर आलेला तो हसरा, बेसावध आवाज, "मावशी! आज सकाळीच? बोल ना."

"तुझ्याकडे वेळ आहे का गं?" ती म्हणाली. "जरा शांत जागी जा."